गोळी तुमची, नस आमच्या पोरांची: औषध कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर रोड, मुंबई आणि देशभरातल्या औषध कंपन्यांचे मालक, डायरेक्टर, मेडिकल हेड आणि मार्केटिंग हेड यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नर्स आहे. नवी मुंबईत सुईने नशा करणाऱ्यांसाठी जे सेंटर चालतं तिथे काम करते. नव्या सुया-सिरिंज द्यायच्या, वापरलेल्या परत घ्यायच्या, जखमांचं ड्रेसिंग करायचं, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या टेस्टला पाठवायचं, ओएसटीची, म्हंजे सुई सुटावी म्हणून नशेच्या जागी देखरेखीखाली द्यायच्या औषधाची, गोळी समोर बसवून जिभेखाली द्यायची, असं रोजचं काम. सेंटरचं नाव लिहीत नाही कारण हे पत्र माझं स्वतःचं आहे, संस्थेचं नाही, आणि क्लायंटबद्दल जे लिहीन त्यात गाव-वय बदललंय, कुणाची ओळख पटायला नको.

तुम्हालाच लिहायचं कारण असं की या विषयावर बाकी सगळ्यांना बोललं जातं, पोलिसांना, आईबापांना, मेडिकलवाल्यांना, खुद्द नशा करणाऱ्यांना तर उठताबसता, फक्त गोळी जे बनवतात त्यांना कुणी काही विचारत नाही. नशेच्या गोळ्या पकडल्याची बातमी येते, फोटोत टेबलावर स्ट्रिपा मांडलेल्या असतात, मागे पोलीस उभे, पकडलेल्या पोराच्या तोंडावर काळा बुरखा. स्ट्रिपवर ज्या कंपनीचं नाव छापलंय तिला त्या बातमीत एक ओळसुद्धा प्रश्न नसतो. मला तो प्रश्न विचारायचाय.

आधी सरळ सांगते, गोळी नसेत टोचू नये. हे मी क्लायंटला रोज सांगते, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी करत असेल तर त्यालाही सांगते. पण सांगितल्याने सगळे थांबत नाहीत. टर्की लागलेला माणूस, म्हंजे नशा न मिळाल्यामुळे ज्याचं अंग मोडून आलंय, उलट्या होतायत, हातपाय कापतायत, त्याच्या समोर उपदेश काय कामाचा. पावडर, म्हंजे हेरॉईन, महाग झाली, मिळेनाशी झाली, मिळाली ती भेसळीची निघाली की तो गोळीकडे वळतो. आणि तीच गोळी तोंडाने घेण्यापेक्षा टोचली तर लवकर आणि जास्त लागते, म्हणून टोचतो. तुम्हाला हे माहीतच नाही असं मी धरून चालत नाही, तुमच्याकडे माझ्यापेक्षा शंभरपट शिकलेली माणसं आहेत.

2019 साली सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशभराचा सर्व्हे करून घेतला, त्यात सुईने नशा करणारे साधारण साडेआठ लाख निघाले. त्यांच्यात सगळ्यात जास्त टोचल्या जाणाऱ्या दोनच गोष्टी होत्या, हेरॉईन आणि ब्युप्रेनॉर्फिन नावाचं अफूच्या जातीचं औषध, जे ओएसटीतही देतात, आणि दोघींचं प्रमाण जवळजवळ सारखं. म्हंजे एक चोरट्या मार्गाने येणारी, आणि दुसरी लायसन घेऊन बनवलेलं औषध. ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शनची कुपी म्हंजे अँप्युलपण येते, गोळीपण येते, म्हणून हे सगळे गोळीवालेच असं मी म्हणत नाही. पण फॅक्टरीतून निघालेल्या औषधाचा वाटा छोटा नाही. देशात एचआयव्हीचं प्रमाण मोठ्या माणसांमध्ये 0.2 टक्क्याच्या आसपास आहे, सुईवाल्यांमध्ये 2021 च्या सरकारी पाहणीत ते नऊ टक्के होतं. एकच सुई चौघांत फिरते त्याचा हा हिशोब, आणि त्याच्यावर निदान काम तरी चालू आहे. गोळीच्या भुकटीने जे होतं त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही, म्हणून मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

अर्धा मिलिग्रॅम औषध असलेली झोपेची गोळी काट्यावर ठेवली तर शंभर मिलिग्रॅमच्या आसपास भरते. बाकीचं सगळं काय आहे ते तुम्हाला पाठ असेल, मी वाचणाऱ्यांसाठी लिहिते. गोळीला आकार यावा म्हणून सेल्युलोज आणि स्टार्च, मशीनला चिकटू नये म्हणून टाल्क आणि मॅग्नेशियम स्टिअरेट, पोटात गेल्यावर फुगून फुटावी म्हणून क्रॉसपोव्हिडोन, वरून रंग आणि कोटिंग. पोटात गेलं तर यातल्या कशाचाच त्रास नाही, काही पचतं, बाकीचं जसं येतं तसं बाहेर पडतं. पण यातल्या बऱ्याच गोष्टी पाण्यात विरघळत नाहीत. कितीही ढवळलं, सिगारेटच्या फिल्टरमधून किंवा कापसाच्या बोळ्यातून ओढलं तरी बारीक कण सिरिंजमध्ये येतातच, वर कापसाचे तंतू येतात ते वेगळेच.

नसेतलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जातं आणि तिथून थेट फुप्फुसात. फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या पाच ते दहा मायक्रॉनच्या. टाल्कचे, सेल्युलोजचे कण त्याच्याहून मोठे असतात. मग फुप्फुस चहाच्या गाळणीसारखं काम करतं, जे जे जाड ते तिथेच अडकतं, फरक एवढाच की ही गाळणी झटकून धुता येत नाही. शरीर त्या कणांना वेढून गाठी बनवतं, नळ्या बुजतात, फुप्फुसातलं प्रेशर वाढतं, ते प्रेशर ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते. हे एका दिवसात होत नाही. आधी जिना चढताना दम लागतो, मग सपाटीवर चालताना, मग झोपून. आणि टोचणं बंद केलं तरी आत अडकलेला टाल्क जात नाही, काही जणांचा आजार सोडल्यानंतरही वाढत राहतो. काहींच्या डोळ्याच्या पडद्यावरसुद्धा ते चकचकीत कण दिसतात, डॉक्टरने नीट तपासलं तर.

दिघ्याचा एक क्लायंट आहे, पस्तिशीचा, माथाडीत काम करायचा. सुई त्याने कधीच सोडली, आता ओएसटीवर आहे, वेळेवर येतो, बायको बरोबर असते. मागच्या पावसाळ्यात यायला उशीर व्हायला लागला. म्हणाला, "ताई, स्टेशनचा ब्रिज एका दमात होत नाही, मध्ये बसावं लागतं." एक्सरेमध्ये दोन्ही बाजूंना बारीक बारीक ठिपके. एका हॉस्पिटलात टीबी म्हणून औषधं सुरू झाली, थुंकी निगेटिव्ह असूनसुद्धा, कारण आपल्याकडे असा एक्सरे दिसला की आधी टीबीच डोक्यात येतो, त्या डॉक्टरांना दोष देत नाही, मीपण तेच म्हटलं असतं. औषधं चालू, ठिपके तसेच, दम वाढलेला. मग दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात एका मॅडमनी त्याला बसवून शांतपणे विचारलं की टोचायचास तेव्हा नेमकं काय टोचायचास. त्याने गोळ्यांची नावं सांगितली. मॅडमनी मला फोन केला, म्हणाल्या सिस्टर, या ब्रँडमध्ये टाल्क असतो का काय असतं, कुठे बघायला मिळेल?

मी स्ट्रिप आणून भिंगाखाली धरली. मागे काय छापलंय? औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, रंगाचं नाव, लायसन नंबर, शेड्यूल एच-1 ची, म्हंजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांच्या यादीची, लाल पट्टी, आणि एक ओळ: एक्सिपियंट्स, क्यू.एस. म्हंजे बाकीचं जेवढं लागेल तेवढं. काय लागलं, ते लिहिलेलं नाही. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, पामतेल किती सगळं छापलेलं असतं, आणि ज्याच्या फुप्फुसात तुमची भुकटी बसलीय त्याच्या डॉक्टरला ती कसली भुकटी आहे ते कळायला मार्ग नाही! कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला तर त्यांनी प्रिस्क्रिप्शन मागितलं, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर मागितला, मेल करा म्हणाले. मेल केला. उत्तर आलेलं नाही.

हे माझ्या पत्राचं मूळ आहे. गोळीत काय घातलंय हे पेशंटला माहीत नाही, त्याच्या डॉक्टरला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणून ती भुकटी नसेत गेल्यावर जे होतं त्यातली काही जबाबदारीही तुमची आहे.

फुप्फुस लांबचं झालं, रोज दिसतात ते हात. हाताच्या नसा कडक होऊन आत गेल्या की माणूस मिळेल तिथे टोचतो, बोटांच्या मधे, पायात, शेवटी जांघेत. नस चुकून बाजूच्या मांसात गेलं तर गळू होतो, त्यात पू, मग खड्डा, आतलं पांढरं दिसेपर्यंत. जांघेत नस आणि धमनी शेजारी-शेजारी असतात, चुकून धमनीत गेलं तर त्या क्षणी आग आग होते, बोटं पांढरी पडतात, मग निळी, आणि कण पुढे जाऊन बारीक धमन्या बंद झाल्या की काळी. त्यानंतर कापायचंच उरतं. हाताच्या धमनीत गेलं तरी तेच, रबाळ्याच्या एका पोराची उजव्या हाताची तीन बोटं अशी गेली, पेंटर होता. अजून एक प्रकार, दोन्ही हात कायमचे सुजतात, मनगटापासून बोटांपर्यंत, कारण आतलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्याच खराब झालेल्या असतात. ती सूज बोटाने दाबली तर खड्डा पडत नाही आणि नशा सोडली तरी उतरत नाही. असे हात घेऊन माणूस कामाला गेला की मुकादम हाताकडे बघूनच परत पाठवतो, तो सुधारलाय का नाही हे विचारतच नाही. आणि रक्तात जंतू गेले तर हृदयाच्या झडपेवर बसतात, कणांनी झडप आधीच खरवडलेली असेल तर अजून सोप्पं. थंडी वाजून ताप येतो, मलेरियाची टेस्ट होते, निगेटिव्ह येते, आठवडा जातो आणि तेवढ्यात झडप गेलेली असते.

आता तुमचं उत्तर मला माहितीये. आम्ही तोंडाने घ्यायला बनवतो, लेबलवर तसं लिहिलंय, कुणी चुकीचा वापर केला तर तो पोलिसांचा विषय. एक-दोन एमआर, म्हंजे कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, ओळखीचे आहेत, तेही हेच म्हणतात, आणि बिचाऱ्यांचं त्यांच्या जागी खरंही आहे. पण तुमच्याच धंद्यात याच्या उलट घडलेलं आहे ते सांगते.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर मिझोराम, मणिपूर, नागालँडमध्ये स्पास्मो प्रॉक्सिव्हॉन नावाच्या पोटदुखीच्या कॅप्सूलची भुकटी टोचली जायची. आत डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिन नावाचं अफूच्या जातीचं पेनकिलर, पाण्यात नीट न विरघळणारी भुकटी. हातापायाला गळू, सडलेल्या जखमा, कापलेले पाय, त्या भागातल्या नर्सेसनी ते वर्षानुवर्षं बघितलं. डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिनवर बंदी आली ती मे 2013 मध्ये. मधल्या वर्षांत ती कॅप्सूल नसेत जातेय हे त्या राज्यांत शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं. मग ट्रामाडॉल नावाचं पेनकिलर आलं, तेही इतकं वाहिलं की एप्रिल 2018 मध्ये एनडीपीएस, म्हंजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली घ्यावं लागलं. मग टॅपेंटाडॉल, तेही पेनकिलरच. एक बंद झालं की दुसरं, आणि प्रत्येक वेळी जाग सरकारला आधी येते, कंपनीला नाही. 2025 च्या फेब्रुवारीत तर आपल्या मुंबईतल्याच एका कंपनीचं नाव जगभर झालं, टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल एकत्र केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवल्या म्हणून, आणि केंद्राला त्या मिश्रणाच्या निर्यातीच्या परवानग्या काढून घ्याव्या लागल्या. तिथल्या नर्सेस काय बघत असतील ते मी इथे बसून सांगू शकते.

काही जण म्हणतील की आम्ही अशी गोळी बनवू जी कुस्करताच येणार नाही, विषय संपला. तसं नाहीये. ब्रिटनमध्ये टेमाझेपाम नावाची झोपेची कॅप्सूल होती, आतलं पातळ औषध लोक टोचतात म्हणून 1989 च्या आसपास कंपन्यांनी आत जेल भरलं. लोकांनी तेही टोचलं, आणि जेल आत जाऊन परत घट्ट झालं, रक्तवाहिन्या बंद, ग्लासगोमध्ये लोकांचे हातपाय कापावे लागले. 1996 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत त्या जेलच्या कॅप्सूल लिहायलाच बंदी आली. अमेरिकेत ओपाना ईआर नावाची पेनकिलर 2012 मध्ये कुस्करता येऊ नये अशी बदलली, नाकाने ओढणं कमी झालं आणि टोचणं वाढलं, नवीन कोटिंगमधल्या पॉलिमरने रक्तपेशी फुटून किडनीला मार बसायला लागला, आणि 2015 मध्ये इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटी या छोट्याशा भागात 180 हून जास्त लोकांना एचआयव्ही झाला, बहुतेक सगळे हीच गोळी टोचणारे. जून 2017 मध्ये तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, एफडीएने, कंपनीला सांगितलं की बाजारातून काढा. दोन्हीकडे हेतू वाईट नव्हता. पण बदल करण्याआधी टोचणाऱ्यांशी, त्यांचं ड्रेसिंग करणाऱ्यांशी कुणी नीट बोललं असतं तर हे होणार हे कळलं असतं. आमचे पीअर वर्कर, जे स्वतः यातून बाहेर आलेत, ते तुमची नवीन गोळी हातात घेऊन सांगतील की ही टोचणारा माणूस काय करेल. त्यांना लॅबमध्ये बोलवा, योग्य ते पैसे द्या.

ओएसटीच्या गोळीबद्दल इथे नीट लिहायला हवं, नाहीतर कुणी अर्धंच वाचून अफवा पसरवेल. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली घेतली तर जीव वाचवते. सुई सुटते, माणूस कामाला लागतो, घरी जेवायला जातो, मी हे डोळ्यांनी बघते. नालोक्सोन, म्हंजे अफूच्या जातीच्या नशेचा असर उतरवणारं औषध, मिसळलेली गोळी टोचली की टर्की लागू शकते, जिभेखाली घेतली तर नालोक्सोन फारसं लागत नाही, ही चांगली युक्ती आहे. पण त्यातही स्टार्च आणि बाकीची भुकटी आहेच, आणि तोंडातून काढून टोचली तर तोंडातली बुरशी रक्तात जाते, ती डोळ्यापर्यंत पोचू शकते, नजर जाते. याच्यावर उपाय म्हणून ओएसटी बंद करा असं कुणी म्हणू नका, सेंटर बंद झालं की माणसं परत ट्रॅकच्या कडेला जातील. उपाय असा की परदेशात 2017-18 पासून आठवड्याला किंवा महिन्याला एकदा कातडीखाली द्यायचं ब्युप्रेनॉर्फिन आलंय, भुकटी नाही, घरी न्यायला काही नाही. ते इथे गरिबाला परवडेल अशा भावात आणा. तुम्ही करू शकता हे मला माहितीये, कारण 2001 मध्ये एचआयव्हीची तीन औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी भावात देतो असं जगाला सांगणारी सिप्ला याच मुंबईतली, आणि हिपॅटायटिस सी बरा करणाऱ्या ज्या गोळ्या अमेरिकेत हजार डॉलरला एक होत्या त्या भारतीय कंपन्यांनी इतक्या स्वस्त केल्या की 2018 पासून सरकार त्या फुकट देतं. माझे कितीतरी क्लायंट त्या गोळ्यांनी बरे झालेत. तेव्हा तुमच्या धंद्याबद्दल मला राग नाही, उलट तुमच्याकडूनच अपेक्षा आहे.

मग मागते ते ऐका.

एक तर एक्सिपियंट लिहा. स्ट्रिपवर जागा नाही म्हणाल तर 2023 पासून तीनशे मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड छापताच आहात, तसाच कोड टोचल्या जाणाऱ्या प्रत्येक गोळीवर येऊ दे आणि त्यात टाल्क आहे का, क्रॉसपोव्हिडोन आहे का, कणांचा आकार साधारण किती, हे घाला. कुणाचं सिक्रेट फुटत नाही त्यात, तुमचा स्पर्धक ते लॅबमध्ये एका दुपारी काढू शकतो, फक्त पेशंटचा डॉक्टर काढू शकत नाही. आणि ज्या गोळ्या टोचल्या जातात हे माहीत आहे त्यांच्यात टाल्क लागतोच का, दुसरं काही चालेल का, हे तपासा.

दुसरं, फिल्टर. ऑस्ट्रेलियात आणि फ्रान्समध्ये सुई-सिरिंजच्या बरोबर बारीक जाळीचे फिल्टर मिळतात, सिरिंजला लावायचे. कण फार मोठ्या प्रमाणात अडतात, सगळ्यात बारीक जाळीवाल्यात बॅक्टेरियासुद्धा. व्हायरस अडत नाहीत आणि औषध तर जातंच, म्हणजे फिल्टर लावला की गोळी टोचायला हरकत नाही असं अजिबात नाही, ओव्हरडोस तसाच होतो. पण फुप्फुस वाचू शकतं. माझ्या कपाटात सुया आहेत, सिरिंज आहेत, स्पिरिटचे स्वॅब आहेत, फिल्टर नाहीत. सलाईनच्या बाटल्या आणि डिस्पोजेबलचा एवढा मोठा धंदा आपल्याकडे आहे, प्लास्टिकची एक चकती आणि जाळी बनवणं अवघड जाऊ नये. याने नशेला प्रोत्साहन मिळेल ही भीती असेल तर डब्ल्यूएचओने 2004 सालीच सुया वाटपाचे जगभरचे अभ्यास एकत्र बघून सांगितलंय की त्याने नशा वाढल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही आणि एचआयव्ही मात्र कमी होतो. सुया वाटायला लागले तेव्हाही हीच भीती घातली होती.

नालोक्सोनचंही तेच. ओव्हरडोसमध्ये श्वास बंद पडत आलेल्या माणसाला ते दोन-तीन मिनिटांत परत आणतं, ट्रामाडॉल आणि ब्युप्रेनॉर्फिनवर थोडं कमी-जास्त, झोपेच्या गोळीवर मात्र काहीच नाही. डब्ल्यूएचओने 2014 मध्ये सांगितलं की ओव्हरडोस ज्यांच्या समोर होऊ शकतो अशा लोकांच्या हातात ते असावं, म्हंजे मित्र, बायको, आई, आमचे पीअर. आपल्याकडे ते हॉस्पिटलच्या ट्रेमध्ये आहे. स्टेशनच्या मागे पडलेला पोरगा त्या ट्रेपर्यंत पोचेपर्यंत निळा पडतो. नाकात मारायचा स्प्रे शंभर-दोनशे रुपयांत मिळाला तर प्रत्येक पीअरच्या पाउचमध्ये ठेवता येईल.

आणि विक्री. तुम्ही म्हणता आम्हाला काय माहीत माल कुठे जातो. पण कुठल्या स्टॉकिस्टने या महिन्यात किती उचललं, कुठल्या पिनकोडला किती खपलं, कुठला एमआर टार्गेटच्या पुढे गेला हे तुमच्या एरिया मॅनेजरच्या मोबाईलवर असतं, त्यावर इन्सेंटिव्ह ठरतो. एखाद्या वस्तीत जिथे एक हाडांचा डॉक्टर नाही, कॅन्सरचं हॉस्पिटल नाही, तिथे टॅपेंटाडॉल अचानक तिप्पट खपायला लागलं तर ते दुखणं कुणाचं आहे हा प्रश्न मॅनेजरला पडायला हवा. इन्सेंटिव्ह देण्याआधी पडायला हवा. आपल्या राज्याच्या एफडीएला कळवा, आम्हालाही कळवा, आम्ही त्या वस्तीत आधी सुया आणि ओएसटीची माहिती घेऊन जाऊ, पोलीस नंतर गेले तरी चालेल. तसंच तुम्ही औषधाच्या सुरक्षिततेचे जे रिपोर्ट सरकारला वेळोवेळी देता त्यात टोचण्यामुळे झालेले गळू, गँगरीन, फुप्फुस हे सगळं मोजा. मोजलं नाही तर ते झालंच नाही असं कागदावर राहतं. 

पैसे कुठून, तर 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरला, म्हंजे सामाजिक कामाला, द्यावेच लागतात आणि आरोग्य त्यात बसतं. पण खरं सांगू का, मला हे सीएसआरमधून नकोय. सीएसआर म्हंजे कंपनी समाजाला काहीतरी देते, बॅनर लागतो, फोटो निघतो. एखाद्या गोळीच्या विक्रीतून नफा येतो तर तिच्या भुकटीने सडलेल्या जखमेची मलमपट्टी त्याच गोळीच्या खर्चात धरली पाहिजे, जसं पॅकिंग धरता, ट्रान्सपोर्ट धरता. शंभर रुपयांच्या विक्रीमागे काही पैसे जरी बाजूला ठेवले तरी जिल्ह्यातल्या सेंटरांना ड्रेसिंगचं सामान, महिन्यातून एकदा हृदयाची इको तपासणी, दम लागणाऱ्यांचा सीटी आणि एक पार्ट-टाइम छातीचे डॉक्टर एवढं होऊन जाईल.

हे वाचणाऱ्या घरच्यांनाही एक सांगायचंय. तुमच्या घरात कुणी सुई घेत असेल आणि त्याला दम लागत असेल, हात सुजला असेल, थंडी वाजून ताप येत असेल, बोटं गार किंवा निळी पडली असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटलात न्या आणि डॉक्टरला खरं सांगा की काय टोचलंय. लाजेपायी लपवलं की चुकीची औषधं चालू होतात. भांडण नंतर करा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि एचआयव्हीच्या माहितीसाठी 1097, दोन्ही सरकारी नंबर आहेत, फुकट आहेत.

दिघ्याच्या त्या क्लायंटची टीबीची औषधं बंद केलीत, आता फुप्फुसाच्या प्रेशरची गोळी चालू आहे, तीही तुमच्यापैकीच कुणीतरी बनवता. मॅडमना अजून कळलेलं नाही की त्याच्या आत नेमकं काय बसलंय. मी पाठवलेला मेल कुठल्या तरी कंपनीच्या इनबॉक्समध्ये पडून असेल.

या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर वकिलामार्फत किंवा पीआर एजन्सीमार्फत देऊ नका. तुमच्या फॉर्म्युलेशन डिपार्टमेंटमधलं कुणीतरी पाठवा, ज्याने स्वतः ती गोळी बसवलीय. ठाणे-बेलापूर रोडवरून आमचं सेंटर लांब नाही, रिक्षाने येता येतं. दुपारी दोननंतर ड्रेसिंगची गर्दी ओसरते, तेव्हा बसून बोलू, पीअरना पण बोलावते. येताना ब्रँडची आणि एक्सिपियंटची यादी घेऊन या, मॅडमना त्याच दिवशी पाठवते.

आपली,
तुर्भ्याची एक नर्स